गैरहजेरीचा जाब : मराठी मुलखातील शालेय हजेरीच्या नियमांची दोनशे वर्षे

मुलाने शाळेत किती दिवस यावे, तो न आल्यास काय करावे आणि त्याच्या न येण्याचा जाब कोणाला विचारावा, या तीन प्रश्नांभोवती हजेरीचे सगळे नियम फिरतात. मराठी मुलखात गेल्या दोनशे वर्षांत या प्रश्नांची उत्तरे अनेकदा बदलली. त्यांतही तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलले की पहिल्या दोहोंचा रोख आपोआप बदलला, असे या इतिहासात वारंवार आढळते. गैरहजर मुलाचा जाब आधी त्याच्याच पाठीवर निघत असे, मग तो शिक्षकाच्या पगारातून आणि संस्थेच्या अनुदानातून वसूल होऊ लागला, पुढे पालकाच्या खिशाकडे वळला आणि फार उशिरा, तोही अर्धवट, शासनाच्या दारी आला.

पेशवाई संपल्यानंतरच्या पहिल्या दशकात मुंबई सरकारने आपल्या ताब्यातील मुलखातल्या देशी शाळांची माहिती जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवली होती, आणि रा. वि. परुळेकर यांनी १९५१ मध्ये ती संपादून प्रसिद्ध केल्यामुळे त्या काळच्या शाळांविषयी केवळ आठवणींवर विसंबून राहण्याची वेळ अभ्यासकांवर येत नाही. गव्हर्नरच्या कौन्सिलातील सदस्य प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये तर असे लिहून ठेवले होते की, लहान असो वा मोठे, ज्यात एकही शाळा नाही असे गाव या मुलखात क्वचितच सापडेल. या विधानात अतिशयोक्ती किती यावर पुढे पुष्कळ वाद झाला. तथापि त्या शाळा कशा चालत हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पंतोजी, म्हणजे गावात खासगी शाळा चालवणारा शिक्षक, एखाद्या ओसरीवर किंवा देवळात मुले जमवी. तेथे धुळपाटीवर अक्षरे गिरवली जात, मोडी वाचन होई आणि पाढे, पावकी, निमकी यांचे पाठांतर चाले. आजच्या अर्थाने इयत्ता नव्हती, शैक्षणिक वर्ष नव्हते, त्यामुळे ‘इतके दिवस भरले पाहिजेत’ असा नियम असण्याचे कारणही नव्हते, कारण प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे सरके आणि गरजेपुरते हिशेब-लेखन येऊ लागले की शाळा सोडून देई.

नियम नसला तरी धाक होता. पंतोजीला मिळणारे वेतन, मग ते रोख असो वा धान्यरूपाने, मुलागणिक मिळे, त्यामुळे मूल सुटले की मिळकत सुटे. न येणाऱ्या मुलाला आणण्यासाठी पंतोजी चार दांडगे विद्यार्थी पाठवी, आणि ते त्या मुलाला हातपाय धरून, उचलून, शाळेत आणून टाकीत. ‘उचलबांगडी’ म्हणतात ती हीच. उशिरा येण्याबद्दलची शिक्षाही क्रमवार ठरलेली असे. बळ्ळारीचा कलेक्टर कॅम्पबेल याने १८२३ मध्ये मद्रास इलाख्यातील शाळांविषयी दिलेल्या वृत्तांतात, जो मुलगा सर्वांआधी येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहिले जाई, दुसऱ्याच्या हातावर शून्य काढले जाई आणि तिसऱ्यापासून पुढे एकेक छडी वाढत जाई, असे वर्णन आहे. याच्या जोडीला वेदपाठशाळांच्या परंपरेतून आलेले अनध्याय, म्हणजे प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या अशा तिथींना अध्ययन बंद ठेवण्याचा प्रघात, हीदेखील हजेरीची एक व्यवस्थाच होती, कारण कधी यायचे नाही हे तिच्यात आधीच ठरलेले होते. या सगळ्यात मुलाच्या घरची अडचण विचारात घेणारे काही नव्हते. शिवाय ज्या जातींच्या मुलांना आणि ज्या मुलींना या ओसरीवर पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्या न येण्याला गैरहजेरी असे नावही कोणी दिले नसते.

लेखी हजेरी रुजली ती सरकारी खात्याबरोबर. १८५४ च्या वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्यानुसार १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले, तपासनीस नेमले गेले आणि शाळेने दोन प्रकारची दप्तरे ठेवावीत हा शिरस्ता पडला. त्यांतले एक जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची व शाळा सोडल्याची तारीख यांची कायमची वही. आणि दुसरे हजेरीपत्रक, ज्याला महाराष्ट्रातील शिक्षक आजही ‘कॅटलॉग’ म्हणतात, त्यात रोजची उपस्थिती मांडली जाते. पहिल्या वहीवरून ‘पट’ निघतो, म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या, तर दुसरीवरून ‘सरासरी हजेरी’, म्हणजे रोजच्या उपस्थितांची बेरीज भागिले शाळा भरल्याचे दिवस. पट आणि सरासरी हजेरी यांतील अंतर हे शाळेच्या खऱ्या स्थितीचे माप आहे, आणि ते अंतर लपवण्याचा मोहही तितकाच जुना आहे.

या मोहाला सरकारनेच खतपाणी घातले. वुड यांच्या खलित्यातून आलेली अनुदानपद्धती, म्हणजे खासगी संस्थांना काही अटींवर सरकारी मदत देण्याची पद्धत, १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात ‘परीक्षाफलानुसार अनुदान’ या स्वरूपात राबवली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये आणलेल्या संहितेची ही सावली होती : तपासनीस येई, ठरावीक दिवस हजर राहिलेल्या मुलांची परीक्षा घेई, उत्तीर्ण मुलांवर आणि सरासरी हजेरीवर पैसे मोजले जात. मूल आले नाही तर शाळेचे नुकसान, हा पंतोजीच्या काळचाच न्याय आता सरकारी कागदावर आला होता. फरक इतकाच की आता मुलाला उचलून आणण्याऐवजी त्याच्या नावापुढे हजेरीची खूण करूनही तूट भरून काढणे शक्य झाले. १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात सरकारने ही पद्धत सोडून देण्याची भूमिका घेतली. परंतु हजेरीच्या आकड्याला पैशाची किंमत असते, ही जाणीव शाळांच्या व्यवहारातून त्यानंतर कधीच गेली नाही.

मूल शाळेत का येत नाही, हा प्रश्न सरकारी चौकशीपुढे सर्वांत स्पष्टपणे मांडणाऱ्यांत जोतीराव फुले यांचे स्थान अग्रभागी आहे. शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे ऑक्टोबर १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात त्यांनी किमान बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, आणि त्याच निवेदनात, शेतकऱ्यांची मुले शाळेपासून दूर राहतात याचे कारण त्यांचे पराकोटीचे दारिद्र्य असून गुरे राखायला व शेताकडे पाहायला घरात तीच मुले लागतात, हे सांगितले. ही मुले शाळेत टिकावीत म्हणून शिष्यवृत्त्या द्याव्यात, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते; महार, मांग आदी जातींच्या मुलांना तर वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू दिले जात नसल्याने शाळा त्यांना जवळजवळ बंदच आहेत, हेही त्यांनी आयोगाला सुनावले. गैरहजेरीकडे शिस्तीचा भंग म्हणून न पाहता घराच्या अर्थकारणाचा आणि गावाच्या जातिव्यवस्थेचा परिणाम म्हणून पाहण्याची ही दृष्टी त्या काळच्या खात्याजवळ नव्हती, आणि पुढच्या शतकभरातल्या नियमांपैकी जे खरोखर उपयोगी ठरले ते बहुतेक याच दृष्टीतून निघालेले दिसतात.

हजेरीची वही काय नोंदवू शकत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण साताऱ्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर दाखल झाले, आणि तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की वर्गात त्यांना वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. कॅटलॉगमध्ये असा विद्यार्थी इतरांइतकाच हजर असतो.

सक्तीचा पहिला मोठा प्रयोग ब्रिटिश मुलखाबाहेर झाला. नाशिक जिल्ह्यातील कौळाण्याच्या घराण्यातून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून पाहिले आणि १९०६ मध्ये ही सक्ती संपूर्ण संस्थानाला लागू केली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड, हे या व्यवस्थेचे मुख्य अस्त्र होते. बडोद्याचा हा दाखला हाताशी धरूनच गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते आजही बारकाईने वाचण्यासारखे आहे, कारण त्यात सक्ती जितकी जपून घातली होती तितक्याच काळजीने तिचे अपवाद लिहिले होते. ज्या भागात मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण आधीच एका ठरावीक पातळीला पोहोचले असेल तेथेच, स्थानिक संस्थेने ठरवले आणि सरकारने मंजुरी दिली तरच, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्ती लागू व्हायची होती. दरमहा दहा रुपयांपेक्षा जास्त उत्पन्न नसलेल्या पालकाकडून फी घ्यायची नव्हती. आणि आजारपण, घरची निकड, शेतीच्या हंगामाची गरज ही गैरहजेरीची ग्राह्य कारणे मानली जाणार होती. शेतीचा हंगाम हे कायद्याने मान्य केलेले कारण असावे, ही कल्पना ब्रिटिश बेटांवरील कायद्यांच्या अभ्यासातून आलेली असली तरी ती मांडणाऱ्याला कोकणातल्या व देशावरच्या शेतकऱ्याचे घर ठाऊक होते. सरकारने विरोध केला, संस्थानिक व जमीनदार सदस्यांनी साथ दिली नाही, आणि १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. या पराभवाने हिंदुस्थानातील सक्तीचे शिक्षण किती मागे पडले याचा अंदाज कोणीही करावा. पण हजेरीचा कायदा माणसाळलेल्या भाषेत लिहिण्याची एक संधीही त्याच दिवशी गेली, याची खंत अधिक वाटते.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १९१७ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ही त्यातील तरतूद सर्वश्रुत आहे. दंडाबरोबर शाळा उघडणे, त्यासाठी खर्चाची तजवीज करणे आणि १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम देणे, ही कामेही झाली, म्हणून तेथील सक्तीला निव्वळ धाकाचे रूप आले नाही. ब्रिटिश मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा आला, त्याने नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा दिली. मग १९२३ चा आणि अखेरीस १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. या कायद्यांत मूल न पाठवणाऱ्या पालकाला आधी समज, मग हजेरीचा लेखी हुकूम आणि शेवटी दंड अशी पायरी होती. ती कागदावर सुसंगत दिसते. परंतु ज्या घरात मुलाच्या मजुरीवाचून चूल पेटत नाही त्या घराकडून दंड वसूल करणे कोणत्याही स्थानिक संस्थेला सोपे नव्हते, आणि निवडून आलेल्या सभासदांना ते सोयीचेही नव्हते.

दरम्यान १९२९ मध्ये शिक्षणाच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या हार्टोग समितीने ‘गळती’ आणि ‘कुंठितता’ या दोन संज्ञा चर्चेत आणल्या : पहिली म्हणजे शिक्षणक्रम पुरा होण्याआधी मुलाला शाळेतून काढून घेणे, आणि दुसरी म्हणजे एकाच वर्गात वर्षाहून अधिक काळ राहणे. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ उरली होती, हा समितीचा आकडा पटावरच्या नावांनी झाकलेले वास्तव उघडे करणारा होता. शाळा सोडलेली मुले पुन्हा निरक्षर होतात का, याचा माग पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने सातारा जिल्ह्यात घेतला आणि धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी १९५५ मध्ये तो अहवालरूपाने प्रसिद्ध केला.

स्वातंत्र्यापूर्वीच्या याच काळात गैरहजेरीला राजकीय अर्थही आला. वंगभंगाच्या चळवळीत विद्यार्थी उतरल्यानंतर १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने त्यांच्या राजकीय सभांतील सहभागावर बंधने घातली आणि ती न पाळणाऱ्या शाळांना अनुदान व मान्यता गमावण्याची भीती घातली. १९२० च्या असहकारात आणि पुन्हा १९४२ मध्ये हजारो विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले, तेव्हा हजेरीपत्रकातील कोरा रकाना हा निषेधाचा लेखी पुरावा ठरला.

माध्यमिक शाळेची, म्हणजे हायस्कुलाची, गोष्ट प्राथमिक शाळेहून निराळी आहे. येथे सक्ती कधीच नव्हती. येथे होते ते फाटक, आणि त्याची किल्ली परीक्षेच्या अर्जात. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६५ च्या कायद्याने अस्तित्वात आले, आणि दहावीच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी किमान ७५ टक्के उपस्थिती ही त्याची अट पालकांना पाठ झालेली आहे. आजारपणासारख्या कारणाने उपस्थिती कमी भरली तर ती क्षमापित करण्याची, म्हणजे तूट माफ करण्याची, सोय नियमांत आहे. आणि ज्याची शाळा सुटली तो ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून खासगीरीत्या परीक्षेला बसू शकतो. महाराष्ट्र स्थापनेच्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या, बाराशे रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना फी माफ केली, तेव्हा त्या ई.बी.सी. सवलतीलाही नियमित उपस्थिती व समाधानकारक प्रगती यांची अट जोडलेली होती. गरीब मुलाच्या दृष्टीने ही अट दुधारी होती : हजेरी भरली तर फी माफ, पण फी माफ झाली म्हणून शेतातले काम माफ होत नसे.

या पेचाचे सर्वांत परिणामकारक उत्तर वसतिगृहातून मिळाले, नियमांतून नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेने १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे बोर्डिंग उभे केले आणि १९४० मध्ये तेथेच ‘कमवा व शिका’ तत्त्वावर महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केले. मूल शाळेपासून दूर राहते आणि त्याला कामही करावे लागते, ही गैरहजेरीची दोन्ही कारणे त्या रचनेत शाळेच्याच आवारात सामावली गेली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पालघरच्या आदिवासी पट्ट्यात, कोसबाडला, याच विचाराचे दुसरे टोक गाठले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणावर न्यावी, म्हणून त्यांनी ‘कुरणशाळा’ चालवली. फुल्यांनी १८८२ मध्ये सांगितलेल्या कारणाला इतके सरळ उत्तर त्याआधी कोणी दिले नव्हते.

शासनाचा हात दंडावरून अनुदानाकडे वळायला शतक संपत आले. १९९२ पासून महाराष्ट्रात दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेच्या मुलींना हजर राहिलेल्या दिवसामागे एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला; कोल्हापूरच्या हुकुमात पालकाकडून महिन्याला जो रुपया वसूल व्हायचा, तोच आता रोज त्याच्या हाती पडू लागला. १९९५ मध्ये सुरू झालेल्या मध्यान्ह भोजन योजनेत आरंभी ८० टक्के उपस्थिती असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले आणि अन्न पोटात जाण्यासाठी मागच्या महिन्याची हजेरी दाखवण्याची गरज उरली नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटातील मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता यांची खातरजमा करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले, शारीरिक शिक्षेला मनाई केली, आणि पालकाचे कर्तव्य सांगितले तरी त्याला दंड ठेवला नाही. उचलबांगडीपासून येथवरचे अंतर मोठे आहे.

तरीही आकड्याला किंमत असण्याचा जुना दोष गेला नाही. शिक्षकांची पदे पटावरून ठरतात, ज्याला संचमान्यता म्हणतात. अनुदान व धान्यही पटावरून येते, आणि म्हणून नुसत्या नावाने शाळेत असलेली मुले पटावर वाढत गेली. नांदेड जिल्ह्यातील पडताळणीनंतर राज्य सरकारने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी केली, तेव्हा तेच मूल दुसऱ्या शाळेत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावावी लागली, आणि अनेक शाळांत पटाच्या निम्मीही मुले आढळली नाहीत. जून २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची झाली, ती उलट्या दुखण्यावर : खासगी क्लासशी संगनमत करून विद्यार्थ्यांना वर्गात न येताच हजर दाखवले जात होते. येथे गैरहजर असलेला विद्यार्थी गरीब नव्हता, आणि त्याच्या अनुपस्थितीत शिक्षणसंस्थेचाच हात होता.

ज्यांच्या गैरहजेरीचे कारण मात्र दीडशे वर्षांत फारसे बदललेले नाही ती मुले ऊसतोड कामगारांची. बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेचे दुसरे सत्र आणि दहावीची परीक्षा याच काळात येतात. त्यांच्यासाठी साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, गावातच मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आली, एका शाळेचे मूल दुसऱ्या शाळेत बसू शकावे म्हणून शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था झाली. या सोयींचा भर आठवीपर्यंतच्या वयोगटावर आहे, कारण कायद्याचा हक्क तेवढाच आहे. नववीत गेलेली, धाकट्या भावंडांना सांभाळायला फडावर नेलेली मुलगी जेव्हा सलग चार महिने कॅटलॉगमध्ये गैरहजर दिसते, तेव्हा तिचे वय चौदा ओलांडलेले असल्यामुळे त्या गैरहजेरीचे कारण शोधण्याची जबाबदारी शिक्षण हक्क कायद्याने कोणावरही टाकलेली नाही.